बिघडलेली दोन हेडं

कोल्हापूरच्या त्या शर्यतीत कुठली मोटारसायकल धावणार आणि कुठली बाहेर बसणार, हे गाड्या तपासून हिंदुराव मगदूम ठरवत. निम्मे शर्यतवाले इंजिनाचं काम त्यांच्याच गॅरेजात करून घेत, आणि त्यांना परवानगीची सही न मागता मिळे.

पद्मजा शिपुगडेनं मात्र इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, घरीच घासून त्यातल्या हवेच्या वाटा मोकळ्या केल्या होत्या. मगदुमांनी बॅटरीचा उजेड पाडून हेड आतून निरखलं, मापं घेतली. खोट काही सापडेना, तेव्हा त्यांनी आवाज चढवला.

"स्वतः केलंस? पहिलंच असेल."

"तिसरं, अण्णा. आधीची दोन बिघडली."

भोवतीचे हसले. मगदुमांना तेवढंच हवं होतं.

"ऐका, दोन हेडांची माती करून ही तिसरं घेऊन आलीय. पोरी, हे उस्तादाचं काम आहे. तीस वर्षं झाली, माझं गॅरेज धुंडाळ, बिघडलेलं एक हेड सापडायचं नाही."

पद्मजाचे कान तापले होते, पण तिनं नजर खाली घातली नाही.

"कसं सापडेल, अण्णा? माझी बिघडलेली दोन्ही माझ्याच घरात पडलीत. तुमची गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून फिरत असतील."

मगदुमांचा एक जुना गिऱ्हाईक हळूच आपल्या गाडीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "अण्णा, माझं हेड जरा उघडून बघूया का?"

पाठोपाठ दुसराही पुढे सरकला. मगदुमांनी घाईघाईनं पद्मजाचा परवानगीचा कागद ओढला आणि सही करून टाकली.