हुपरीच्या हाताचे रूळ

“मग मधमाशांना काय कळतं हो नक्षीतलं, आक्का?”

भूपालनं हे विचारलं तेव्हा त्याची मान ताठ होती.

सगुणाआक्का रिठे चोळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“काही कळत नाही,” ती म्हणाली.

“मग?”

“म्हणून तर त्यांना विचारायचं. कळणारे लबाड असतात.”

भूपाल ‘हं’ म्हणाला. पण पटलेलं नव्हतं.

हा भूपाल हुपरीचा. चांदीचं गाव ते. घरात पिढ्यान्‌पिढ्या चांदीवर कोरीव काम. याच्या हातचा मोर ताटावर उतरला की जेवणाऱ्याला धास्ती वाटावी, आता हा आपला भात टिपणार! असला हात. आणि असला हात आपल्याला आहे, हे त्याला पुरेपूर माहीत होतं. का असू नये? ज्याला येतं त्यानं का म्हणून मान खाली घालून चालावं? न येणारेच ती शिकवण देत हिंडत असतात.

आणि सगुणाआक्का तांबट जावळीच्या खोऱ्यातली. डोंगराच्या पायथ्याला तिची पत्र्याची शेड. तिथं ती पितळी रूळ बनवायची, मेणपत्र्याचे.

मधपाळ लोक पेटीतल्या लाकडी चौकटीत मेणाचा पातळ पत्रा बसवतात. त्या पत्र्यावर दोन्ही अंगांनी सहा कोनांच्या घरांची नक्षी उठवलेली असते. माशा ती रेघ धरून भिंती चढवतात आणि पोळं उभं राहतं. ती नक्षी उठवायला दोन कोरलेले रूळ लागतात, एकावर एक. मधून कोमट मेणाची पट्टी घालायची आणि दांडा फिरवायचा. चरकातून ऊस जातो तसंच. फक्त ऊस पिळून निघतो आणि मेण नटून निघतं.

आक्काला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाईच्या हातात छिन्नी शोभत नाही, असं भावकीतल्या मोठ्या मोठ्या माणसांनी तिला सांगितलं होतं. त्या माणसांची नावं आज त्यांच्या नातवंडांनाही आठवत नाहीत. आक्काचं नाव मात्र रुळाच्या आसाच्या टोकावर, पितळात ठोकलेलं असे. तो ठसा बघितल्याशिवाय खोऱ्यातला एकही मधपाळ रुळाला हात लावत नसे.

भूपालला तो ठसा हवा होता. स्वतः कोरलेल्या, स्वतः बसवलेल्या जोडीवर.

निघताना घरी थोरला भाऊ सगळ्यांसमोर हसला होता. “चांदी सोडून हा मेण लाटायला निघालाय!” तेव्हा भूपाल उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, “आक्काचा ठसा मिळाल्याबिगर या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही.”

बोलून बसला होता. आता परतीची वाट त्या ठशावरूनच जात होती.

जोडी कोरून झाली. आरशासारखी लखलखत होती. भूपालनं ती घोडीवर, म्हणजे लोखंडी चौकटीवर चढवली, दातेरी चाकं एकमेकांत अडकवली, मेणाची पट्टी, रुळाला चिकटू नये म्हणून, रिठ्याच्या पाण्यात बुडवून मधून काढली, आणि निघालेला पत्रा दारातल्या उन्हात धरला.

प्रत्येक घर स्वच्छ. खिडक्याच खिडक्या.

“बघा, आक्का.”

आक्कानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“देखणं आहे,” ती म्हणाली.

“तुमचा पत्रा उजेडात धरला की दर घराच्या मधोमध मागच्या अंगाच्या तीन रेघा येऊन भिडतात. सगळी गिचमिड. राग मानू नका… पण तुमचे रूळ झिजून सरकलेत. मी वरचं घर खालच्या घरावर नेमकं आणलंय. तोंडाला तोंड.”

“माझे रूळ सरकलेत.”

“होय.”

“आणि तू जागेवर आणलेस.”

“होय, आक्का.”

“बरं झालं बाई, कुणीतरी आलं!” आक्का म्हणाली. “आता हेच पेटीत घाल. माझाही एक पत्रा शेजारी घाल. बघू.”

पेट्या होत्या ढेबेमामांच्या, शेडच्या मागं हिरड्याच्या सावलीत. ढेबेमामा जुना मधपाळ. माशी चावली तर माशीचीच विचारपूस करणारा माणूस. त्यांनी दोन्ही चौकटी एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवल्या आणि झाकण लावलं.

“आता कुणी टकटक करायचं नाही,” ते भूपालला म्हणाले. “बाळंतिणीच्या खोलीसारखं समजा.”

भूपाल थांबला. रोज पेटीपर्यंत जायचा, कान लावायचा, परत यायचा. आत गुणगुण चाले. त्याला ती आपल्याच कौतुकाची वाटे.

मग एका सकाळी मामांनी धूर केला, झाकण उचललं.

आक्काचा पत्रा दोन्ही अंगांनी बांधून काढलेला. भरलेला. जड.

मामांनी दुसरी चौकट वर काढली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

“अगागा… भूपालशेठ, तुमचा पत्रा कुणी खाल्ला हो?”

पत्रा नव्हताच. होती ती चाळण. घरांचे तळ फुटलेले, कडा कुरतडलेल्या. उरलंसुरलं मेण माशा समोरच उचलून नेत होत्या आणि शेजारच्या चौकटीवर लावत होत्या. आक्काच्या.

“चोर!” भूपाल म्हणाला.

“चोर कशाला,” मामा म्हणाले. “पडक्या घराचे वासे आहेत ते. माणसंही नेतात.”

भूपालनं ती चाळण हातात घेतली. मग आक्काच्या चौकटीवरचा एक कोपरा मोडून घेतला आणि उन्हात धरला. आधी एक, मग दुसरा. पुन्हा पहिला.

पोळ्यात एकही घर दुसऱ्याच्या पाठीला पाठ लावून उभं नव्हतं. एका घराच्या तळाला मागून तिघांच्या भिंती येऊन टेकलेल्या. तीच ती गिचमिड. तीच तळ तोलून धरत होती. त्याच्या पत्र्यात तळासमोर तळ आला होता. दोन्हीकडच्या तळांची टोकं आत घुसून एकमेकांना भिडली आणि मधलं मेण कांद्याच्या पापुद्र्याइतकं उरलं. पेटीच्या उबेत फुटलं.

तो शेडमध्ये आला. आक्का रुळाची चाकं पुसत होती.

“तुम्हाला दिसलं होतं,” तो म्हणाला.

“दिसणार नाही? डोळे आहेत मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस कुठं? तू सांगत होतास.”

भूपालनं घोडीवरून रूळ उतरवले, खुंटीवरची खरबरीत कानस घेतली, आणि आक्काच्या पायाशी येऊन बसला.

“घासून टाकतो हे. मला काही येत नाही, आक्का. आज माझा गर्व गेला. मी तुमच्या पायाची धूळ.”

आणि कपाळ टेकवलं.

दारात ढेबेमामा उभे होते. “झालं! माशांनी मोक्ष दिला,” ते पुटपुटले.

इथं दुसरा कुणी गुरू असता तर त्यानं डोक्यावर हात ठेवला असता. आक्कानं पाय मागं घेतले.

“ऊठ. आधी कानस खाली ठेव.”

“पण आक्का, चुकलं ते…”

“काय चुकलं? रूळ? आण इकडं.”

तिनं रूळ मांडीवर घेतला. अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. कुठं अडकलं नाही, कुठं घसरलं नाही.

“ही रेघ कुणी कोरली?”

“मी.”

“मोठ्यानं बोल.”

“मी कोरली, आक्का.”

“अशी रेघ मला आजवर साधलेली नाही. आणि मी उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही, तोंड दुखतं माझं. रूळ राजासारखा कोरलास आणि गाढवासारखा बसवलास. मग कानस कुणाला लावायची?”

भूपालनं कानस खाली ठेवली.

“आणि काय म्हणालास? गर्व गेला?”

“होय.”

“कुठं गेला? जा, शोधून आण. बिनगर्वाचा माणूस माझ्या घोडीला हात लावत नाही. हात लटपटतो त्याचा.”

भूपाल बाहेर गेला. कुणी म्हणेल, म्हातारी चळली. माणूस नम्र झाला तर त्याला हाकलून देते! पण नम्र झालेल्या हातानं कधी पितळ कापलंय का, हे आधी सांगा.

बाहेर हिरड्याखाली तो बसून राहिला. रडला का, माहीत नाही. माशा येत होत्या, जात होत्या. त्याच्या पत्र्याचं शेवटचं मेणही त्यांनी नेलं. त्यांना त्याचा राग नव्हता, की दयाही नव्हती.

ऊन पायावर आलं तेव्हा तो उठला.

“आलास?” आक्का आतूनच म्हणाली.

“आलो.”

“मान?”

“ताठ आहे.”

“मग लाव हात.”

त्यानं रूळ पुन्हा चढवले. या वेळी तो घाई करीना. वरच्या रुळाचं दातेरी चाक ढिलं केलं, रूळ केसभर फिरवला, केसभर बाजूला सरकवला. मेणाचा तुकडा दाबून बघितला. नाही. आसाखाली पितळेचा पातळ कपटा सारला. पुन्हा तुकडा. वरच्या तीन भिंती जिथं भेटतात तो सांधा खालच्या घराच्या पोटात मधोमध उतरायला हवा होता. किंचित अलीकडं. किंचित पलीकडं…

आक्का खोकली.

भूपालनं झटकन हात मागं घेतला.

“खोकला आला मला,” आक्का म्हणाली. “तुझं तू बघ की!”

त्यानं दांडा फिरवला. आधी रूळ कुरकुरत होते, आता नुसते सरकले. दाणे दळून संपल्यावर जातं हलकं व्हावं तसा दांडा हलका झाला. पत्रा बाहेर आला. त्यानं तो दारात धरला. दर घराच्या पोटात तीन रेघा.

“गिचमिड,” आक्का म्हणाली.

“होय,” भूपाल म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला. “झकास गिचमिड.”

पत्रा पेटीत गेला. भूपालनं या वेळी कान लावला नाही. तो शेडमध्ये बसून दुसऱ्या जोडीचं पितळ कातायला लागला.

ढेबेमामा चौकट घेऊन स्वतःच शेडच्या दाराशी आले. चौकट पुढं धरली. भिंती अशा चढल्या होत्या की खाली कुणी काही कोरलं होतं याचा माग लागू नये. राणीनं घराघरात अंडं घातलं होतं. मामांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. हा माणूस पोराच्या लग्नातही टोपी काढत नव्हता.

भूपालनं रूळ घोडीवरून उतरवला. धुतला, पुसला, आणि आसाचं टोक वर करून आक्कासमोर उभा धरला. हातोडी पुढं केली.

“ठसा मारा, आक्का.”

आक्कानं हातोडी घेतली. कनवटीला खोचलेला ठसा काढला. टोकावर धरला. आसावर टेकवला…

भूपालनं रूळ आणखी घट्ट धरला.

आक्कानं ठसा पुन्हा कनवटीला खोचला. मग फळीवरून पोलादाचा एक तुकडा उचलला, अगदी ठशाच्याच मापाचा, टोक घासून सपाट केलेला, त्यावर काही न कोरलेला. तो तिनं भूपालच्या तळहातावर ठेवला. वर हातोडीही दिली.

भूपालनं तो उलटा करून बघितला. सुलटा करून बघितला.

“हा तर कोरा आहे, आक्का.”

“दिसतंय मला.”

“मग… माझ्यात अजून खोट राहिली म्हणायची?”

“मी म्हणाले तसं?”

“मी घरात सांगून आलोय. भावाला काय तोंड दाखवू? तुमचं नाव घेऊन येतो म्हणालो होतो मी!”

ढेबेमामा टोपी घालायचे थांबले.

आक्का उठली. भूपालच्या रुळावरून एकदा हात फिरवला, मालकानं दुसऱ्याच्या दावणीचा चांगला बैल बघून फिरवावा तसा. आणि म्हणाली,

“माझं नाव माझ्या रुळांना लागतं. तुझं कुठं ठेवून आलास?”