तारेचा चटका

“तो सगळं तुम्हालाच का सांगायचा, बुवा? मी कोण होतो त्याचा?”

निरंजनबुवांनी माझ्यापुढे चटई सरकवली. मठाच्या अंगणात दुर्बीण उभी होती. तिच्यातून पांढऱ्या पुठ्ठ्यावर बशीएवढा सूर्य पडला होता. त्यावर काळे डाग.

हे डाग माझा थोरला भाऊ रोज पेन्सिलीने वहीत काढायचा. दोन वर्षं. घर सोडून, मला सोडून. कावीळ झाली तरी घरी आला नाही. त्याला जाऊन आज अठरा दिवस झाले.

“त्याची वही द्या. चुलीत घालतो.”

“घाल. आधी बस तरी.”

“शेवटी पाणी कुणी पाजलं त्याला?”

“मी.”

“ते माझं काम होतं!”

“हो...”

बुवांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. शेवटच्या पानावर दादाचं अक्षर. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश. त्याच्यावरचं वातावरण, पार लांबचं, दहा लाख.

“चुकलंय हे. आगीपासून लांब गेलं की गार लागतं. मी सातवी नापास, मोटरी वाइंड करतो. तरी एवढं कळतं मला.”

“मीही हेच म्हणालो होतो. आठ दिवस भांडलो त्याच्याशी. तो म्हणायचा, सूर्यासारखे दुसरे तारेही असेच. हे डाग म्हणजे चुंबक. चुंबकाचा जोर जितका जास्त, तितकं वरचं वातावरण तापलेलं.”

“चुंबक कुठे तापतो? गार असतो तो.”

बुवांनी कुंपणाच्या तारेचा वीतभर तुकडा माझ्या हातात दिला.

“वाकव.”

वाकवला.

“उलटा. परत. परत...”

तार तटकन तुटली.

“टोक ओठाला लाव.”

मी लावलं नाही. ते पोळणार हे मला ठाऊक होतं. लहानपणी मी अशीच तार तोडून दादाच्या गालाला लावायचो. तो बोंबलत आईकडे पळायचा.

“चुंबकाच्या रेषा सूर्यातून वर येतात,” बुवा म्हणाले. “डोळ्यांना दिसत नाहीत. खालची खदखद त्यांना वाकवते, पिळते. त्या तुटल्या की वर चटका. पुरतं कोडं अजून कुणालाच सुटलेलं नाही. पण त्याने अशी तार तोडून माझ्या ओठाला लावली, तेव्हा मी भांडायचं थांबलो.”

“वा! म्हणजे तो तुमचा चेला, तुम्ही त्याचे चेले. दोघांचं छान चाललं होतं इथे.”

“मी त्याला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?”

“मग? कुणाचं नाव घेतलं त्याने?”

बुवांनी तुटका तुकडा माझ्या मुठीतून सोडवून घेतला...

“नाव नाही घेतलं. नुसता गाल चोळत हसत बसला.”