हेवा बोलून दाखवणारा शेन

ऐका, ही कित्येक पिढ्यांमागची गोष्ट. चीनमधल्या एका डोंगराखालच्या गावात वेई नावाचे म्हातारे गुरू झुंजीची विद्या शिकवायचे. त्यांचे शिष्य दोनच, थोरला शेन आणि धाकटी लान. शेनला ते सकाळी शिकवायचे, लानला दुपारी. एकाच्या वेळेला दुसऱ्यानं अंगणात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

शेन मुठीनं विटा फोडायचा. लान मात्र हात गोल गोल फिरवायची, अगदी संथ. ते लांबून पाहून शेनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ‘मला नुसती हमाली, आणि खरी विद्या हिला!’ दुसऱ्याच्या ताटातलं मोठंच दिसतं हो! अन्न गोड लागेना, झोप येईना. शेवटी तो रोज दुपारी बांबूच्या बेटात लपून तिचा एकेक डाव चोरून शिकू लागला. अशी बारा वर्षं गेली, असं म्हणतात.

मग गुरू थकले. अंगणाचा वारस एकच, झुंजीत हरेल त्यानं गाव सोडायचं, अशी तिथली रीत. सगळा गाव गोळा झाला. शेननं मूठ वळलीच नाही, त्यानं लानचेच संथ डाव काढले. आणि लाननं? तिनं त्याचीच मूठ धाडकन हाणली! अहो, ती बयासुद्धा रोज सकाळी त्याच बेटात लपून बसायची! लोकांनी तोंडात बोटं घातली. तीन दिवस झुंज चालली, पायाखालचा खडक मेणासारखा खचला, ढग जागच्या जागी थांबले, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी लानचा पाय सरकला. आता एक धक्का, की अंगण शेनचं. त्यानं हात उगारला. पण तिच्या डोळ्यांत त्याला आपल्यासारखाच जळफळाट दिसला. त्यानं धक्का न देताच हात खाली घेतला.

“लान, मला तुझा हेवा वाटतो गं,” तो म्हणाला. “बारा वर्षं जळतोय मी.”

लानला रडू फुटलं. “मीही, शेनदादा. तुझ्या त्या मुठीसाठी झुरले रे.”

“गाढवांनो!” गुरू ओरडले. “शेन, तू चंचल, म्हणून तुला दगड व्हायला शिकवलं. ही हट्टी, म्हणून हिला पाणी व्हायला शिकवलं. टाच जमिनीत रोवायची आणि श्वास बेंबीखालून घ्यायचा, हे तर दोघांनाही पहिल्याच दिवशी शिकवलं ना? मूळ एकच आहे रे, हात तेवढे निराळे!”

त्या दिवशी रीत मोडली. गाव कुणीच सोडलं नाही.

आता तिथं दोन तालमी आहेत, एक कठोर मुठीची, एक मऊ हाताची. वर्षातून एकदा शेनच्या नावानं दोन्हीकडची पोरं समोरासमोर उभी राहतात. झुंज होत नाही. समोरच्याला मोठ्यानं सांगायचं असतं, ‘मला तुझा हेवा वाटतो.’ विटा फोडणाऱ्यांनाही ते जड जातं. पण तेवढं बोलल्याशिवाय समोरचा एकसुद्धा डाव शिकवत नाही.