बिनतेलाची भजी

तेल होतं. गावात एका घरात तेल होतं, आणि शेवंता दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्या घरानं "नाही" म्हणून सांगितलं. कुणाचं घर ते मला विचारू नका. ज्याचं त्याला ठाऊक आहे. त्याला झोप लागत असेल तर लागो बापडी. तुम्ही मात्र पाय पोटाशी घ्या, पांघरूण नीट ओढा आणि ऐका.

एकदा काय झालं, बर्फाच्या डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. तिथे धुकं उतरायचं ते असं, की आपला हात आपल्याला दिसायचा नाही. हाक मारली तर धुकं हाक गिळायचं. मशाल पेटवली तर उजेड गिळायचं. वास तेवढा त्याला गिळता यायचा नाही, बरं का! म्हणून त्या गावाची एक रीत होती. घरातलं माणूस घाटापलीकडे गेलं, की त्याच्या परतायच्या दिवसांत घरच्या बाया कढई चढवायच्या. कुणाकडे वडे, कुणाकडे शंकरपाळी. मग धुक्यातला माणूस नाक वर करायचा, आपल्या घरचा वास ओळखायचा आणि त्या वासाचं बोट धरून थेट आपल्या उंबऱ्यात यायचा.

आणि अमावास्येपर्यंत नाही आला, तर? तर गावातली वडीलधारी मंडळी यायची आणि त्या घरची कढई पालथी घालायची. कढई पालथी पडली की संपलं. मग त्या माणसाचं नावही कुणी मोठ्यानं घ्यायचं नाही.

तर त्या गावात शेवंता नावाची एक मुलगी होती. आईबाप नव्हते. एक धाकटा भाऊ होता, म्हादू. परसात सफरचंदाचं झाड होतं, म्हणून त्यांच्या घरचा वास सफरचंदाच्या भज्यांचा. शेवंता भजी तळायला बसली की म्हादू चुलीपाशी येऊन बसायचा.

"जायफळ घातलंस का? मला नाही आला वास."

"नाक आहे का सोंड आहे रे तुझी?" शेवंता म्हणायची, आणि हसत हसत आणखी थोडं जायफळ किसायची.

आता त्या देशाचा होता एक राजा. त्याला अंधाराची फार भीती. मग त्यानं काय केलं? महालात दिवे लावले. खोलीत लावले, जिन्यात लावले, रिकाम्या तबेल्यात लावले. दिवसासुद्धा विझवायचे नाहीत म्हणाला. मग तेल पुरेना. मग शिपाई गावात आले आणि तेल घेऊन गेले. लोक गप्प बसले. मग शिपाई पुन्हा आले आणि तूपलोणी घेऊन गेले. लोक गप्प बसले. मग तिसऱ्यांदा आले आणि तान्ह्या बाळांच्या टाळूवर घालायच्या तेलाच्या वाट्यासुद्धा घेऊन गेले. तरी लोक गप्प! कुणी एक म्हणाला नाही, की अहो, आमची माणसं आता घरी कशी यायची?

आणि ते सगळं तेल घाटापलीकडे महालात पोचवायला कोण गेलं माहीत आहे? गावातलेच तिघे. शेजारचा बाबजी, देवळातल्या गुरवाचा मुलगा रंगनाथ आणि आपला म्हादू. आपल्या घरी यायची वाट त्यांनी आपल्याच पाठीवर वाहून नेली.

मग धुकं उतरलं. तिघांपैकी कुणी आलं नाही.

शेवंतानं कढई चुलीवर ठेवली. कोरडी. मग वाटी घेऊन ती निघाली. आधी आळीतलं एकेक दार ठोठावलं. एकेका दारातून "नाही गं बाई" आलं. मग ती देवळात गेली. गुरव म्हणाला, "माझाही मुलगा तिकडेच आहे, शेवंते. पण समईत असेल नसेल तेवढं देवाचं तेल. ते मी चुलीला कसं देऊ?" मग ती चाचपडत वेशीवरच्या राजाच्या चौकीपाशी गेली. दारावरच्या शिपायानं वाटीत डोकावून पाहिलं.

"राजाला अंधाराची भीती वाटते," तो म्हणाला.

"आम्हाला नाही का वाटत?" शेवंता म्हणाली.

शिपाई कसनुसा हसला. त्यानं दार लावून घेतलं.

झोपलात का रे? नाही ना? मग ऐका.

अमावास्येचा दिवस उजाडला. बाबजीची कढई पालथी झाली. रंगनाथची झाली. दुपार कलली तशी मंडळी शेवंताच्या अंगणात आली. सगळ्यांत पुढे वाकलेले तात्याबा.

"पोरी, किती वाट बघशील? आण ती कढई."

"दिवस मावळू दे, तात्याबा. तोवर कढईला हात लावायचा नाही कुणी."

तात्याबा ओट्यावर टेकले. बाकीचे उभे राहिले. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, कुणाला घरी जायची घाई होती. मदतीला मात्र कुणी आत आलं नाही.

शेवंता चुलीपाशी बसली. तेलाशिवाय भजी कशी व्हायची? मग तिला आठवलं, आई काकडीचं गोड धोंडस भाजायची. खाली निखारे, झाकणावर निखारे, मध्ये पातेलं. त्यात कुठे तेल लागायचं? शेवंतानं सफरचंदं चिरली, कणीक भिजवली, गूळ घातला. डब्यात एकच जायफळ होतं. तिनं निम्मं किसलं आणि निम्मं पदराला बांधलं. म्हादू आला, की त्याच्यासाठी खरी, तळलेली भजी करायची होती ना, तेव्हासाठी.

पहिल्या खेपेला झाकणावर निखारे जास्त झाले. भज्यांचा कोळसा झाला. अंगणातून कुणीतरी म्हणालं, "झालं का गं?"

दुसऱ्या खेपेला फोडी जाड राहिल्या. सफरचंदाला पाणी सुटलं, पीठ सैल झालं. झाकण काढलं तर आत नुसता लगदा. शेवंता तिथेच भिंतीला टेकली. आपल्याच्यानं आता उठवत नाही, असं तिला वाटलं. बाहेर तात्याबा खोकले. तो खोकला तिला कळला. तो म्हणत होता, आटप.

मग ती उठली. चकत्या अगदी पातळ कापल्या. त्या गुळात घोळवून ठेवल्या आणि सुटलेलं पाणी निथळून त्याच पाण्यात कणीक घट्ट भिजवली. पातेल्याच्या बुडाला कोरडी कणीक भुरभुरली, म्हणजे भजी चिकटायची नाहीत. त्यावर कणकेत लपेटलेल्या चकत्या मांडल्या. खाली विस्तव बेताचा, वर त्याहून बेताचा. आणि बसली.

मग हळूहळू वास सुटला. तळणीचा वास कसा झेप घेतो! हा तसा नव्हता. हा जमिनीवरून निघाला, रांगत रांगत. उंबरा ओलांडून अंगणात आला. अंगणातली माणसं बोलायची थांबली. मग वास धुक्यात शिरला आणि घाटाकडे चढायला लागला.

दिवस मावळायला आला. आणि धुक्यात पावलं वाजली!

आधी बाबजी आला. शेवंताच्या दारात येऊन धपकन बसला. त्याची बायको किंचाळत धावली. मग रंगनाथ आला, भिंत चाचपडत. गुरवाला रडताना गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेवंतानं दोघांच्या हातावर गरम भजी ठेवली आणि ती दारात उभी राहिली. तिसरी पावलं वाजायची वाट बघत.

पावलं वाजली नाहीत.

"म्हादू?" तिनं विचारलं.

बाबजीनं घास तसाच हातात धरला. "आमच्याबरोबरच होता गं. वास आला तसा तोच आधी ओरडला, सफरचंद म्हणून. मग थबकला. म्हणाला, हे आमचं घर नव्हे. आमच्या घरी तळतात. हा दुसऱ्याच कुणाच्या घरचा वास आहे. मी हात धरला होता त्याचा. हिसडा मारून गेला. आपलं घर शोधतो म्हणाला."

तात्याबांनी कढईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कढईला हात मात्र कुणी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतानं दार उघडलं, तर उंबऱ्यावर तेलाची बुधली. काठोकाठ भरलेली! कुणी ठेवली, कधी ठेवली, कुणी सांगेना. तिनं धावत जाऊन कढईत ओतली, जाळ केला. आणि घरभर कुबट वास पसरला. तेल खवट झालं होतं. लपवून लपवून खवट झालं होतं. त्या वासानं कोण येणार घरी? शेवंतानं कढई उतरवली आणि तेल परसात ओतून टाकलं.

मग पुढे काय झालं? मग घरोघर झाकणावर निखारे चढले. बायांनी शेवंताकडून सगळं शिकून घेतलं. धुक्यातून माणसं घरी यायला लागली, नवा वास ओळखायला लागली. महालात दिवे जळतच राहिले, आणि राजाला अजूनही कुणी काही विचारलं नाही. गाव सुखानं राहायला लागलं. एक घर सोडून सगळी घरं जेवली, हसली, निजली. तुम्हीही आता निजा. डोळे उघडे कुणाचे ते? मिटा. एवढंच राहिलं बघा सांगायचं.

खवट तेल ओतलं त्या सकाळी शेवंता रिकामी कढई घासून उताणी ठेवत होती. आपल्या वडिलांच्या मागे देवळाकडे जाता जाता रंगनाथ तिच्या दारात थांबला. तिच्या पदराच्या गाठीतून जायफळाचा वास येत होता, तिकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, आज जायफळ सगळं घाल. काल त्या वासाशी तो थांबला होता जरा."