उशिरा पडणारं पाऊल

“कुत्रा बांधला, कोंबड्या डालल्या, बायांना ओढ्यावर धाडलं. आता आणखी काय नको तुला?” जानूबाबा वायडांनी विचारले.

“काही नाही बाबा. आता फक्त वाजवा,” निरंजन म्हणाला.

तो पुण्याहून आला होता. गावोगावची वाद्ये आणि आवाज टिपून जपणे हे त्याचे काम. जव्हारच्या डोंगरातला हा पाडा त्याच्या यादीत शेवटचा होता. आपल्या ध्वनिमुद्रणात साधी खरखरही सापडत नाही, याचा त्याला अभिमान होता.

नवे भात घरात आले होते. तारपा वाजवायचे दिवस होते.

जानूबाबांनी भोपळ्याचा तो लांबलचक तारपा ओठांना लावला. थोडा वेळ वाजवला आणि खाली ठेवला.

“का थांबलात?”

“कोणी नाचत नाही.”

“माझ्यासाठी वाजवा.”

“तू तर बसलायस…”

निरंजन वैतागला. “बाबा, मला या डोंगराचा आवाज हवाय. स्वच्छ. त्यात दुसरं काही नको.”

म्हाताऱ्याने हात पुढे केला. निरंजनने त्याला हेडफोन दिला. तो कानांवर चढवून जानूबाबा डोळे मिटून बसले.

बराच वेळ…

“काय ऐकू येतं?”

“इथं कोणी राहत नाही,” म्हातारा म्हणाला.

मग उठून त्याने कुत्रा सोडला आणि ओढ्याकडे तोंड करून एक लांब हाळी दिली.

बाया आल्या, गडीमाणसे आली. एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी झाली. आता तारपा घुमला तो थांबेचना. जमीन दणदणू लागली, कुत्रा भुंकत मागून पळू लागला. यंत्रावरचा काटा लाल रेघेत जाऊन तिथेच अडकला.

निरंजन आवाज कमी करायला वाकला, तोच जानूबाबांची थोरली बहीण, सत्तरीची कमळीआत्या, साखळीतून हात काढून त्याच्याकडे आली. तिने त्याचे मनगट धरले आणि त्याला ओढून घेतले.

त्याचा पाय चुकला. पुन्हा चुकला. बाया खो-खो हसल्या. मग त्यालाही हसू आवरेना.

ऊन डोंगराआड गेले तेव्हा कुठे तारपा थांबला.

धुळीने माखलेल्या पायांनी निरंजन यंत्रापाशी बसला. ते सुरूच राहिले होते. हेडफोन लावून त्याने सगळे पुन्हा ऐकले. तारपा होता, हसणे होते, कुत्रा होता. पन्नास पावले एकदम पडत होती… आणि त्यांच्यामागून, दर वेळी, एक पाऊल उशिरा.

तो ओशाळला.

“बाबा, हे माझं पाऊल. सगळं बिघडवलंय यानं. उद्या मी बाजूला बसतो, आपण पुन्हा करू.”

आईने लेकराचे तोंड पदराने पुसावे तसे जानूबाबांनी तारप्याचे तोंड धोतराच्या सोग्याने हळुवार पुसले.

“असू दे,” ते म्हणाले. “आमच्याकडं पाहुणे येतात, हे पण ऐकू दे की लोकांना.”