आचाऱ्याचं पान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक आचारी होता. बारसं असो की लग्न, चूल पेटायची ती त्याच्याच हातानं. त्याची आमटी जेवलेला माणूस पुढे आठ दिवस घरच्या आमटीला नावं ठेवी, त्यामुळे गावातल्या बायका त्याच्यावर जरा रागावूनच असत.

पण हा आचारी स्वतः पंगतीला कधी बसत नसे. माझं व्रत आहे, एवढंच सांगे. गाव मोठं भाविक. लोक त्याला व्रतीबुवा म्हणू लागले, काही जण तर पायाही पडू लागले.

खरी गोष्ट वेगळीच होती. सात वर्षांपासून त्याला पोटाचं दुखणं जडलं होतं. पातळ पेजेखेरीज काही खाल्लं की आतड्यांना पीळ पडे, अंगात ताप भरे आणि दिवसातून दहादा नदीकाठ गाठावा लागे. सांगणार कुणाला? आचाऱ्याचंच पोट बिघडलंय म्हटल्यावर त्याच्या हातचं कोण जेवणार? म्हणून त्यानं दुखण्यावर व्रताचं पांघरूण घातलं. मजुरी म्हणून त्याला वर्षाला दोन धोतरं आणि रोजचं जेवण मिळे. ते जेवण तो गाईला घाली आणि ती खात असताना शेजारी बसून बघत राही.

त्याला फार काही नको होतं. तव्यावरून उतरलेली टम्म फुगलेली भाकरी, वर वांग्याचं भरीत, आणि पंगतीत मांडी घालून बसलेला तो. कुणीतरी वाकून विचारावं, "आणखी वाढू का?" हजारो माणसांना त्यानं हे विचारलं होतं. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं. भाकऱ्या भाजताना तो डोळे मिटून वास आत घेई आणि कधी कधी त्याला रडू येई. धुरानं डोळे चुरचुरतात, असं तो सांगे.

नदीपलीकडे एक म्हातारा वैद्य राहत असे. त्यानं आचाऱ्याचं पोट चाचपून पाहिलं.

"सहा महिने माझ्याकडे राहावं लागेल," वैद्य म्हणाला. "औषधं, शेळीचं दूध, डाळिंबं, सगळं धरून बारा पोती जोंधळा एवढा खर्च आहे. बरा होशील. पण उशीर करू नकोस."

गावात अशा वेळेसाठी एक रीत होती. ज्याच्यावर संकट आलं त्यानं पारावर उभं राहून ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग रोज सकाळी प्रत्येक घर स्वयंपाकाआधी मूठभर धान्य त्याच्यासाठी बाजूला काढी, आणि आचारी मडकं घेऊन ते गोळा करी. कुंभाराचा पाय मोडला तेव्हा आचाऱ्यानंच सारं गाव पालथं घातलं होतं. आता त्याला फक्त पारावर उभं राहायचं होतं. नेमकं तेच जमेना.

त्यानं पळवाट काढली. दूरच्या गावी एक माणूस पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलाय, त्याला इथवर येता येत नाही, असं सांगत तो दारोदार फिरू लागला. लोकांनी धान्य कमी आणि सल्ले जास्त दिले. एकीनं ओवा दिला, एकानं हिंग. पोटदुखीला बारा पोती कसली, जीभ आवरायला सांग त्याला, असं म्हणून पाटलांनी वर ढेकर दिला. आचारी हसला. घरी मडकं उपडं केलं तर पसाभर जोंधळा निघाला.

अशी दोन वर्षं गेली. आचारी वाळून काटकी झाला. व्रत फार कडक आहे हो, असं म्हणून लोकांनी हात जोडले.

एके सकाळी तो कुंभारणीच्या दारात उभा राहिला. तिनं मूठभर नाही, सूपभर जोंधळा मडक्यात ओतला. तेवढं ओझंही त्याला पेलवेना, तो मटकन ओट्यावर बसला. आत चुलीवर भाकरी भाजली जात होती.

"आचारीदादा," कुंभारणीनं विचारलं, "त्या माणसाला भाकरी आवडते का हो?"

आचाऱ्याला खोटं बोलता आलं असतं. पण भाकरीचा वास थेट त्याच्या नाकात शिरला होता.

"फार," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली तिला तोंड लावून."

 कुंभारणीनं हात पुढे केला. "चला पारावर. माझ्या धन्याला मोडक्या पायानं तुम्हीच धरून नेलं होतं. आज मी तुम्हाला धरते."

पारावर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, नदीकाठाचंसुद्धा.  पाटील उठून चालते झाले. ते रागावले असं सगळ्यांना वाटलं, पण थोड्या वेळानं ते परत आले तेव्हा त्यांच्या पाठीवर जोंधळ्याचं पोतं होतं.

"नऊ वर्षं आम्ही तुझ्यासमोर बसून जेवलो," ते म्हणाले, आणि पोतं त्यांनी आचाऱ्याच्या पायाशी उतरवलं.

पंधरा दिवसांत बारा पोती भरली. आचारी वैद्याकडे राहिला आणि सहा महिन्यांनी उठून हिंडूफिरू लागला. निघताना वैद्यानं त्याला जवळ बसवलं. दोन वर्षं आधी राहायला आला असतास तर पुरता बरा झाला असतास, असं तो म्हणाला. आता दुधात कुस्करलेली भाकरी चालेल, पण वांगं आणि तिखट जन्मात नाही.

गावानं त्याच्यासाठी पंगत मांडली. त्याच्यावर रागावणाऱ्या बायकांनीच स्वयंपाक केला. आचारी मांडी घालून पाटावर बसला आणि नऊ वर्षांनी त्यानं दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास तोंडात घेतला. कुंभारीण त्याच्यापुढे वाकली.

"आणखी वाढू का?"

 त्यानं मान डोलावली. शेजारच्या पानावर भरीत होतं. त्यानं डोळे मिटून त्याचा वास घेतला आणि आपल्या पानातली भाकरी खात राहिला.

तात्पर्य : लाजेपोटी दुखणं झाकलं, तर मदतीला तयार असलेले हातही उशिरा पोचतात.