कडीवरचा हात

एकदा एका नगरातील लोकांनी वर्गणी काढून एक कलादालन उभारले. तिथे राजेरजवाड्यांच्या तसबिरी नव्हत्या; केवळ गोष्टींच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रे होती. कुणीही यावे, पाहावे. दालनाची व्यवस्था एक वृद्ध चित्रकार पाहत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत आणि खरे सांगायचे तर थोडे टरकूनच असत.

त्यांची शिष्या कालिंदी. चित्रकला शिकायला ती हट्टाने घर सोडून आली, तेव्हापासून वडिलांनी तिच्याशी बोलणे टाकले होते. आता तिचे पहिले चित्र दालनात लागणार होते आणि आईच्या आग्रहाखातर का होईना, आबा ते पाहायला येणार होते. पोरीच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, सांगा!

चित्र ज्या गोष्टीसाठी काढले, ती होती पुरात हरवलेल्या एका नावाड्याची. कालिंदीने शेवटचा प्रसंग रंगवला होता. दार सताड उघडे, नावाडी परतलेला, बायको त्याच्या गळ्यात पडून रडते आहे. रंग तर असे की पाहणाऱ्याने वाहवा करावी.

उद्घाटनाच्या सकाळी ती पाहते तो काय, चित्र गायब! त्या जागी तिचेच पेन्सिलीचे एक कच्चे रेखाटन. दार बंद आणि आत बायको कडीवर हात ठेवून उभी. बस्स, इतकेच.

"गुरुजी, हे काय केलंत? आज आबा येतायत! म्हणतील, एवढ्यासाठी घर सोडलंस?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अगं, तुझं रंगीत चित्र सुंदरच आहे. पण त्यात तू सगळं सांगून टाकलंस. बघणारा 'छान' म्हणेल आणि पुढे जाईल. गोष्टीचं चित्र काढणाऱ्यानं गोष्ट संपवायची नसते. बघणाऱ्याला पुढचं पान उलटावंसं वाटलं, की आपलं काम झालं."

कालिंदीला ते मुळीच पटले नाही. ती फुरंगटून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

दुपारी आबा आले. हात मागे बांधून एकेक चित्र पाहत मुकाट्याने पुढे सरकत होते. लेकीच्या चित्रापाशी मात्र थबकले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिले. अखेर राहवेना, तसे वळून म्हणाले, "दाराबाहेर कोण आहे गं?"

इतक्या काळानंतरचे ते पहिले बोलणे! बाकावर वडिलांशेजारी बसून कालिंदीने सगळी गोष्ट सांगितली. पूर, रिकामीच वाहत आलेली होडी, गावाने सोडलेली आशा आणि मग दारावरची थाप.

"मग? उघडलं तिनं?"

"उघडलं, आबा. लगेच."

आबांनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "दिवाळीला घरी ये. तुझी आई वाट बघते." आणि जरा थांबून, "मीही बघतो."

गुरुजी दूर उभे होते. कालिंदीने तिथूनच त्यांना हात जोडले.

आपणही कुणाला काही सांगू लागलो, की समोरच्याला विचारायला थोडी जागा ठेवावी.